सतराव्या संदर्भाचे पहिले पान

ग्रंथालयासमोरच्या इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत दोन टेबले आहेत. एकावर काका घड्याळे दुरुस्त करतात. दुसऱ्यावर काकू संशोधकांचे लेख मासिकांच्या नियमांत बसवून देतात. दोघांच्या पाठी एकमेकांकडे असतात आणि बोलणे मात्र अखंड चालू असते.

कृषी महाविद्यालयातला तो व्याख्याता सकाळी अकराला आत आला, तेव्हा काकांनी डोळ्याचे भिंग न काढताच विचारले, "शेवटचा दिवस का?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"पहिल्या दिवशी इथं कुणी आलेलं मी तरी पाहिलं नाही."

व्याख्याता कसनुसा हसला. सहा वर्षे तो हंगामी नेमणुकीवर होता. दर उन्हाळ्यात त्याचे नाव यादीतून निघे आणि कुणाच्या तरी मर्जीने पुन्हा चढे. आता कायम जागा निघाली होती. अर्जाची मुदत उद्या संपणार होती, आणि मान्यताप्राप्त मासिकाकडे लेख पोहोचल्याची पोच अर्जाला जोडायची होती. मासिक आज संध्याकाळी पाचपर्यंतच लेख घेणार होते.

काकूंनी मासिकाचे नियम छापून घेतले, लाल पेन्सिलीने प्रत्येकाला आकडा दिला आणि कामाला लागल्या. लेखकाचे नाव आतल्या पानांवर कुठेही दिसता कामा नये, म्हणून ते वेगळ्या पानावर नेले. तक्त्यांतल्या उभ्या रेघा काढल्या. ओळींना क्रमांक दिले. आलेखांच्या स्वतंत्र फायली केल्या. सारांशाला अडीचशे शब्दांची मर्यादा होती. त्याचे भरले दोनशे अडुसष्ट.

"आता यातलं काय काढणार?" तो म्हणाला. "प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे, काकू."

"'आमच्या असे निदर्शनास आले आहे की'," काकूंनी वाचले. "हे सहा जण नुसते बसून खातायत. आधी त्यांना उठवा."

काका भिंगाआड खुसखुसले. "मलासुद्धा असंच उठवते ही सकाळी."

साडेबाराला सारांश मर्यादेत आला. मग काकूंनी संदर्भांची यादी डाव्या हाताला ठेवली आणि उजवा हात पुढे केला. इथे येणाऱ्या प्रत्येकाला त्यांची अट ठाऊक असते: ज्या लेखाचा आधार घेतला, त्याचे पहिले पान आणायचे. ते पान समोर ठेवून त्या नाव, वर्ष, खंड, पृष्ठे जुळवतात. व्याख्यात्याने गठ्ठा दिला. काकूंनी बोटाला पाणी लावून पाने मोजली.

"चौतीस नावं, तेहतीस पानं. सतरा नंबर कुठाय?"

"तो फार जुना आहे, काकू. चाळीस वर्षांपूर्वीचा. सगळेच देतात तो."

"सगळे देतात म्हणजे सगळ्यांनी पाहिलाय, असं थोडंच आहे? तुम्ही पाहिलाय का?"

व्याख्यात्याने तो पाहिला नव्हता. त्याने तो संदर्भ एका लेखाच्या यादीतून उचलला होता. त्या लेखकानेही बहुधा तेच केले असावे.

"माझ्या नोकरीचा प्रश्न आहे हो," तो शेवटी म्हणाला.

"म्हणूनच विचारतेय," काकू म्हणाल्या. "समोर ग्रंथालय आहे. तुम्ही येईपर्यंत मी बाकीचे तेहतीस लावते."

त्याला राग आला. समास आखणाऱ्या बाईने संशोधकाला असे धाडावे! तो बाहेर पडला, तर काका जिन्याशी बिडी ओढायला आले होते.

"चिडू नका," काका म्हणाले. "एकदा हात पोळलाय तिचा. चाळिशी उलटल्यावर संगणक शिकली, तोही मुलीच्या शाळेतल्या वर्गात, मागच्या बाकावर बसून. पहिल्याच वर्षी गवतांवर लिहिणाऱ्या एका म्हाताऱ्या गुरुजींच्या यादीतला एक संदर्भ टंकताना सुटला. पुढचे सगळे आकडे एकेक घर सरकले. याचं काम त्याच्या नावावर, त्याचं तिसऱ्याच्या. आणि ते तसंच छापून आलं."

"मग? गुरुजी भांडले?"

"भांडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, 'बाई, आता हे कुणाकुणाला सांगत फिरायचं?' हिनं दोन दिवस धड अन्न घेतलं नाही. मग स्वतःच्या नावानं संपादकाला पत्र धाडलं: चूक माझी, लेखकाची नव्हे. ते छापायला लावलं. मी म्हटलं, अगं, आता कोण येईल तुझ्याकडे? तर तेव्हापासून रांग लागलीय."

ग्रंथालयाच्या तळघरात जुने खंड वर्षांनुसार लावलेले होते, पण किल्ली ज्याच्याकडे तो सेवक जेवायला गेलेला. व्याख्याता पाऊण तास जाळीच्या दाराशी उभा राहिला. खंड हाती आला तेव्हा सव्वादोन झाले होते. लेख होता. त्याने उभ्या उभ्या पहिले पान वाचले, मग दुसरे, आणि खाली फरशीवरच बसला.

बियाण्यात बारा टक्के ओलावा असला तरी उगवण टिकते, असे या लेखाच्या आधारे सर्वजण लिहीत आले होते. त्याच्या स्वतःच्या प्रयोगात गोणीतले बियाणे तेवढ्या ओलाव्यावर खराब झाले होते. हा दोष आपल्याच हाताळणीचा असावा, असे समजून त्याने लेखात एक परिच्छेदभर क्षमायाचना केली होती. पण इथे स्वच्छ लिहिले होते: हवाबंद पत्र्याच्या डब्यात, चार महिने. गोणीचा उल्लेखच नव्हता.

पहिल्या पानाची छायाप्रत काढून तो धावतच परतला. त्याने पान काकूंसमोर ठेवले. काकूंनी नाव, वर्ष, खंड जुळवून यादीत खूण केली.

"काकू, माझा प्रयोग बरोबर होता."

"मला बियाण्यातलं काय कळतंय?" काकू म्हणाल्या. "पण मग हा माफीचा परिच्छेद कशाला ठेवलाय? तीन वाजलेत. बसा आणि लिहा."

तो काकूंच्या खुर्चीवर बसला आणि काकू त्याच्यामागे उभ्या राहिल्या. तो लिहीत होता, त्या वाचत होत्या. एकदा "वाक्य लांबलंय" म्हणाल्या, एकदा "हा आकडा तक्त्यात वेगळा दिसतोय" म्हणाल्या. आणि तो खरोखर वेगळा होता. काकांनी तेवढ्यात आलेल्या दोन गिऱ्हाइकांना उद्या यायला सांगितले. साडेचारला परिच्छेद झाला. क्षमेच्या जागी आता चार सरळ वाक्ये होती: डब्यातला निष्कर्ष गोणीला लावता येत नाही, आणि ते का.

फायली एकेक करून चढू लागल्या. शेवटी पडद्यावर एक प्रतिज्ञापत्र आले. त्याखाली रिकामा चौकोन होता: 'यादीतील सर्व संदर्भ मी स्वतः पाहिले आहेत.' याआधी दोन लेखांच्या वेळी त्याने हा चौकोन न वाचताच भरला होता. आज त्याने तो मजकूर शेवटपर्यंत वाचला.

"भरू ना?" त्याने उगाचच विचारले.

"मला काय विचारता? सही तुमची आहे," काकू म्हणाल्या आणि कागद घालायला छपाईयंत्राकडे वळल्या.

त्याने खूण केली. पाच वाजायला सहा मिनिटे असताना पोच आली, आणि काकूंनी ती छापून त्याच्या हाती दिली.