अणशीचे परीक्षार्थी

एकटेपणावर उतारा म्हणून कोणी विडी ओढतो, कोणी भजनाला लागतो, कोणी कुत्रे पाळतो. पण त्या दुखण्यावर बीजगणिताचा काढा घेणारा माणूस अवघ्या मुलखात एकच होता, आणि तो अणशीच्या लाकूड डेपोत कारकून होता. मी त्या काळी देवी डॉक्टर होतो. म्हणजे पोरांच्या दंडांना देवी टोचत जोयड्यापासून अणशीपर्यंतचे रान पायी तुडवीत असे. मी येतोय असे कळले की आया पोरे काखोटीला मारून झाडीत पसार होत. त्या सगळ्या टापूत माझी मनापासून वाट पाहणारे हे एकच गृहस्थ. तेही देवी टोचून घ्यायला नव्हे, परीक्षा द्यायला.

वडील अकाली गेल्यामुळे मिळेल ती नोकरी धरून हा विद्वान माणूस रानात येऊन पडला होता. बायको खानापुरास माहेरी. "जावई शहरात गणित शिकवायला लागले की मुलगी पाठवू, वाघाच्या आणि हिवतापाच्या तोंडी देणार नाही," असे सासऱ्यांनी स्वच्छ सांगितले होते. शिकवायचे तर एम.ए. व्हायला हवे. लेखी परीक्षा स्वारी झोपेत पास झाली असती. गाडे अडले ते तोंडी परीक्षेपाशी. महिनोन्महिने साग आणि मत्तीच्या ओंडक्यांखेरीज कोणाची सोबत नाही. पहिल्या खेपेला तीन परीक्षकांसमोर उभे राहिले आणि बोलायचे कसे तेच विसरले. आता एकच संधी उरली होती.

म्हणून मी दिसलो रे दिसलो की ते मला सागाच्या एका जाड ओंडक्यावर बसवीत, आपला कोट मला चढवीत, वर पगडी ठेवीत आणि बजावीत, "डॉक्टर, कपाळाला आठ्या घाला. परीक्षक हसत नसतो." मग व्याख्यान सुरू होई. विषय निश्चायक. दोन उभ्या रेघांच्या मध्ये आकड्यांच्या ओळी मांडायच्या आणि त्या सगळ्या पसाऱ्याची मिळून एक किंमत काढायची, एवढे मला बसून बसून कळले होते. आडव्या ओळी उभ्या केल्या तरी ती किंमत बदलत नाही, हा त्यांचा लाडका सिद्धांत. त्याची सिद्धता ऐकताना मला हटकून डुलकी लागे, पण आठ्या मात्र मी मोडू दिल्या नाहीत.

मी पुढच्या गावाला गेलो की परीक्षक बनायची पाळी ओंडक्यांवर येई. ओंडक्यांच्या तोंडांवर खडूने आकडे लिहून ते निश्चायक मांडीत. एकदा गाडीवान माल भरायला आले. ज्या ओंडक्यावर वजाचे चिन्ह, तो साहेबांनी नापास केलेला, असे समजून त्यांनी उत्तमातला उत्तम साग मागे ठेवला आणि पोकळ लाकूड लोंढ्याच्या स्टेशनावर नेऊन टाकले. रेंजर साहेब तणतणत आले. कारकुनांनी मान खाली घालून सगळे ऐकून घेतले आणि शेवटी एवढेच म्हणाले, "साहेब, उत्तर मात्र बरोबर आलं होतं."

एकदा चहा पिता पिता ते म्हणाले, "डॉक्टर, दोन ओळी अगदी सारख्या असल्या की अख्ख्या निश्चायकाची किंमत शून्य होते. माझा कालचा दिवस बघा आणि आजचा बघा." आणि मोठ्याने हसले. मला काही हसू आले नाही. रात्रंदिवस रान तुडवणाऱ्या माणसालाही ते गणित येत होते.

त्यांची खरी तयारी करून घेतली ती अणशीच्या बुधवंताने. बुधवंत म्हणजे तिथल्या कुणब्यांचा मुखिया. त्याने कारकुनांना ओंडक्यांशी हातवारे करून बोलताना पाहिले आणि त्याचा जीव कळवळला. "सायबा, लाकडास्नी काय सांगतायसा? आमास्नी सांगा की."

"तुम्हाला समजणार नाही हो ते."

"समजाया कशाला पायजे? आमी देवाला गाऱ्हाणं घालतो, ते देवाला तरी सगळं समजतंय व्हय? तुमी सांगा. व्हय म्हणाया आमी हाय."

आणि खरेच, संध्याकाळी गावदेवाच्या देवळीपुढे मंडळी जमू लागली. गाऱ्हाण्याची रीतच तशी: एकाने सांगायचे, बाकीच्यांनी होकार भरायचा. कारकून म्हणत, "पहिली ओळ तीनने गुणली." घोळका गर्जे, "व्हय महाराजा!" "ती दुसरीतून वजा केली." "व्हय महाराजा!" आडव्या-उभ्या ओळींचा सिद्धांत आणि सारख्या दिवसांचा दाखलाही असाच होकारांत पार पडला. मी हे स्वतः पाहिले आहे. ज्या माणसाची जीभ टाळ्याला चिकटत असे, तो रानाची राखण करणाऱ्या देवचारालाही पटावे अशा आवाजात निश्चायक सोडवीत होता, आणि घामाने त्याचा सदरा भिजला होता.

परीक्षेत व्हायचे तेच झाले. ते मला त्यांनीच पुढे सांगितले. पहिली पायरी मांडली आणि स्वारी थांबली. होकार कुठे येतोय? तिघे परीक्षक त्यांच्याकडे, ते परीक्षकांकडे. एकाने कागदावर काहीतरी खरडायला घेतले. खानापूरचे दार आता कायमचे बंद होणार, असे त्यांना दिसले. मग त्यांनी डोळे मिटले, स्वतःच खणखणीत आवाजात "व्हय महाराजा!" म्हटले आणि दुसऱ्या पायरीवर गेले. प्रत्येक पायरीला आपणच सांगायचे, आपणच होकार भरायचा. सिद्धता संपली तेव्हा परीक्षकांची तोंडे उघडीच होती. पास न करून सांगतात कोणाला!

त्यांना शहरात जागा मिळाली, बायको नांदायला आली. फार आनंद झाला मला, अगदी खरा. पण पुढच्या फेरीला अणशीत शिरलो तेव्हा पाय आपोआप डेपोकडे वळले. नवा कारकून दाराला कडी लावून झोपला होता. माझा ओंडकाही कोणीतरी लोंढ्याला नेला होता.

त्याच दिवशी देवळीपुढे वर्षाचे गाऱ्हाणे होते. मी मागे जाऊन उभा राहिलो. पाऊसपाणी झाले, गुरेढोरे झाली, आणि मग बुधवंत म्हणाला, "रे देवा महाराजा, आमचा कारकूनसायेब लांब गेला, त्येला आन त्येच्या बायकूला सुखी ठेव."

"व्हय महाराजा!"

"आडवं उभं झालं, उभं आडवं झालं, तरी माणसाची किंमत हाय तीच ऱ्हाऊंदे."

"व्हय महाराजा!"

"आन दोन दीस सारखं कुनाचंबी करू नगंस."

सगळ्यांत मोठ्याने होकार भरला तो मी. पुढची माणसे वळून बघायला लागली. मग मी देवीची पेटी काखेत मारली आणि पुढच्या गावाची वाट धरली. तिथे माझी चाहूल लागून आया एव्हाना पोरे घेऊन झाडीत पळाल्याही असतील.