पाळवाली बायजाबाई

लोक नाला अडवतात तो ओलितासाठी. आमच्या ह्यांनी अडवला तो होडीत बसायला. हे म्हणजे मुकुंदराव वकील, माझे यजमान. सदुसष्ट साली कळमेश्वरच्या रस्त्याला अकरा एकर पडीक घेतलं, उन्हाळ्यात नाल्यावर मातीची पाळ घातली आणि दिवाळीत हिरवी होडी आणून सोडली. सीताबर्डीवरचे आमचे शेजारी पोट धरधरून हसले आणि पुढच्याच रविवारी डबे घेऊन हजर झाले. नागपूरचे लोक, दुसरं काय!

पाळीची राखण करायला बायजाबाई होती. उंच, काटक, तोंडानं फटकळ. छप्पन साली नवऱ्याबरोबर दीक्षा घेतलेली. पुढं तो वारला. येईल त्या पाहुण्याला ती खणखणीत "जय भीम" घालायची आणि उत्तर मिळेपर्यंत वाटेतून हलायची नाही. मोठमोठे वकील डबे सांभाळत "जय भीम, जय भीम" करत आत यायचे. पाळीच्या खालच्या अंगाला तिची झोपडी होती, तेच तिचं घर. रोज सकाळी अनवाणी पाळ चालून बघायची. उंदराचं नाहीतर खेकड्याचं बीळ दिसलं की काळी माती भरून धुमसानं ठोकून बसवायची.

तिचं नि माझं वाजलं ते झाडांवरून. पाळ कशी बोडकी दिसायची, पाहुण्यांना सावली नको? मी दर आषाढात तिथं गुलमोहर लावायची आणि दसऱ्यापर्यंत टोकाचं एक झाड सोडलं तर सगळे गायब.

"बकऱ्यायनं खाल्ले, बाई."

मी बांबूचे कठडे करून आणले. तरी गायब! "बकऱ्या कठड्यासकट खातात का वं?"

"आपल्या इकडच्या बकऱ्या लय खादाड," ती शांतपणे म्हणाली.

त्र्याहत्तरच्या भाद्रपदात मी तिला रंगेहाथ पकडलं. हातात माझं रोप, मुळासकट. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"काहून उपटलं वं?"

"पाळीवर झाड चालत नाही, बाई. मुळीच्या संगं पाणी चालते, अन् माती घेऊन जाते."

"मग टोकाचं ते माझ्या आईचं झाड चार वर्षं कसं उभं आहे?" आई गेली त्या वर्षी मी ते लावलं होतं.

 तोंडावर उत्तर फेकणारी बाई मान खाली घालून उभी. मला वाटलं, सापडली खोटारडी!

"उद्यापासून तुझं काम बंद. झोपडी खाली कर."

हे शेजारीच सतरंजीवर बसले होते. कोर्टात एवढं गरजणारा माणूस, चिवड्यातले शेंगदाणे वेचत राहिला.

बायजाबाई म्हणाली, "भरल्या पाण्यात पाळ टाकून नाही जाणार, बाई. पाणी उतरलं का जाईन."

जाईल कुठं, हे मला सुचलंसुद्धा नाही. आज त्याची लाज वाटते.

पुढच्या रविवारी वीस-बावीस मंडळी आली होती. आठवडाभर पाऊस झाला होता, तळं काठोकाठ. निम्मे होडीत, निम्मे भज्यांच्या कढईभोवती. तेवढ्यात पाळीखालून बायजाबाईची आरोळी आली, "होडी काठाले लावा! पाळ फुटून राहिली!"

आम्ही धावलो. माझ्या आईच्या झाडाच्या बरोबर खाली पायथ्यातून मनगटाएवढी धार येत होती, चहासारखी गढूळ. ह्यांचे एक मित्र सतरंजीचा बोळा करून भोकात कोंबायला निघाले.

"कोंबू नका!" बायजाबाई ओरडली. "इथं दाबलं तं दुसरीकडून फुटंल. पाणी येऊ द्या, माती येऊ देऊ नका. पहिले रेती टाका, मंग गिट्टी!"

आणि पळत जाऊन तिनं पाणी सोडायची मोरी सताड उघडली. मग काय विचारता! झोपडीमागच्या ढिगांतून रेती-खडी आणायला घमेली दोनच. वकील मंडळींनी डब्यातल्या पुऱ्या गवतावर उलट्या केल्या आणि डब्यांनी रेती वाहिली. काष्टा खोचून मीही वाहिली. न्यायाधीशांच्या सौभाग्यवती संत्र्याची टोपली भरून गिट्टी आणत होत्या आणि बायजाबाई त्यांना सुनावत होती, "हात चालवा नं, बाई! लग्नाले आल्या काय?"

चार वाजता धार नितळ झाली. बायजाबाई मटकन चिखलात बसली. मी शेजारी टेकले.

"तुला ठाऊक होतं, तर हे झाड का ठेवलंस?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमी लावता लावता रडल्या होत्या. हात नाही उठला माझा. या पाळीची माती मी डोक्यावर वाहिली, बाई. अन् मीच चुकली."

 मी माझ्या पदरानं तिच्या हातावरचा चिखल पुसला.

त्या दिवशी आम्ही तिथंच मुक्काम केला. सकाळी पाहते तो तळ्याचं पाणी अर्ध्यावर, आणि झोपडीच्या दारात बांधलेलं गाठोडं.

"हे काय?"

"पाणी उतरलं, बाई. तुमाले शब्द देला होता."

असला राग आला मला! तिचा नव्हे, माझाच. मी सरळ जाऊन त्या गाठोड्यावर बसले.

"उठा नं! भांडे हायेत आतमंदी."

"चेपू देत. नाही उठत."

"बाई, लोकं पाहून राहिले."

"पाहू देत." आजवर मी कुणाची, अगदी ह्यांचीसुद्धा, माफी मागितली नव्हती. "बायजाबाई, माझं चुकलं. उन्हाळ्यात आईचं झाड मुळासकट खणून काढायचं आहे. ते मी एकटीनं काढू का वं?"

ती माझ्याजवळ, गाठोड्याच्या उरलेल्या कोपऱ्यावर टेकली.

"एकटीच्यानं नाही होत ते," ती म्हणाली.