न आलेल्यांचा संचालक

"गावाले इचारून सांगतो."

संचालक मंडळाच्या बैठकीत एखादा ठराव मताला आला, की काकाजी खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याची मांडीवर नीट घडी करत आणि एवढंच म्हणत. मग तो विषय पुढच्या बैठकीवर जाई. यात अडचण एकच होती. काकाजींचं गाव धरणाच्या पाण्याखाली होतं.

तुम्ही म्हणाल, पुनर्वसन वसाहतीतल्या शेतकऱ्यांची कंपनी ती काय आणि तिचं बोर्ड ते काय. आहे, सगळं आहे. सभासद हे मालक. कुणाचे शेअर किती का असेनात, मत प्रत्येकाला एकच. सभासदांनी संचालक निवडायचे, संचालकांनी आपल्यातून अध्यक्ष निवडायचा. धान कुठल्या भावानं घ्यायचं, गिरणी कुठं टाकायची हे संचालकांनी ठरवायचं आणि ते प्रत्यक्षात आणायला एक पगारी माणूस नेमायचा. तो पगारी माणूस मी. राहतो पवनीला. माझ्या पदाचं नाव मुख्य कार्यकारी अधिकारी, आणि सकाळी ऑफिसचं शटरही मीच उघडतो.

नियमावली लिहिताना लोकांनी एक गोष्ट अडून बसून घालायला लावली होती. जेवढी गावं बुडाली, तेवढ्या गावांचा प्रत्येकी एक संचालक. वसाहतीत सगळे एकाच रांगेत आले, घरांना नुसते नंबर पडले, तेव्हा निदान बोर्डावर तरी गावं वेगळी असू द्या, असं त्यांचं म्हणणं. बाकीच्या गावांचे लोक बहुतेक वसाहतीतच आले होते, त्यामुळे त्यांच्या संचालकांमागं माणसं होती. काकाजींच्या गावानं मात्र पैसे घेतले आणि जिकडं वाट मिळाली तिकडं गेलं. कुणी नागपूरला, कुणी भंडाऱ्याला, कुणी तिथून जवळ हायवेवर शहापूरला. वसाहतीत त्या गावातलं एकच घर आलं, काकाजींचं. त्यांची बायको, आमच्या काकू, त्याच घरात वारल्या. मुलगा नागपूरला कंपनीत होता, तो सणावारी यायचा.

पहिल्या बैठकीत आम्ही कामं वाटली. हे मी मोठ्या हौसेनं केलं होतं. कायद्यानं बोर्ड एकत्रच जबाबदार असतं, तरी प्रत्येक संचालकानं एकेका कामावर नजर ठेवली तर मला बरं, असा माझा हिशेब. एकानं खरेदी घेतली, एकानं गिरणी. बचतगटातून आलेल्या ताईंनी बियाणं घेतलं. काकाजी राहिले. मी म्हटलं, "काकाजी, तुम्हाला गोदाम देऊ?"

"गोदाम कोनालेही द्या," ते म्हणाले. "जे आले नाही, त्याइचं काम मले द्या."

सगळे हसले. मी ते हसण्यावारीच नेलं, पण इतिवृत्तात काय लिहावं हे सुचेना म्हणून शेवटी 'सभासद संपर्क' असं लिहिलं.

हे खातं त्यांनी इतक्या मनापासून सांभाळलं, की आम्हाला त्याचा वैताग यायचा. आमसभेची तारीख ठरवू लागलो की काकाजी म्हणत, नागपूरवाल्यांना त्या दिवशी सुटी नसते. धानाचा बोनस फक्त स्वतः माल आणून देणाऱ्यालाच द्यायचा ठराव आला, तर काकाजी विचारत की ज्यानं वावर ठेक्यानं दिलं आणि स्वतः भंडाऱ्यात वॉचमन आहे, त्यानं काय करावं. त्या गावच्या काही लोकांची जमीन पाण्याच्या वर उरली होती, तुकडा तुकडा. ती माणसं आमची सभासद होऊ शकत होती, पण झालेली नव्हती. नसलेल्या सभासदांची बाजू मांडणारा संचालक तुम्ही कुठं पाहिला आहे का? मी नाही पाहिला.

आमचे अध्यक्ष तोंडानं जरा फटकळ. एकदा काकाजी 'गावाला विचारून' परत आले तेव्हा ते म्हणाले, "काय म्हणतात मासोळ्या? हाव म्हणतात का नाई?"

काकाजींना राग आला नाही. ते म्हणाले, "मासोळ्या नवीन आहेत अध्यक्षसाहेब. त्याइले आपल्या गावातलं काय समजते?"

आणि असं समजू नका, की त्यांचं गाव मोठं शहाणं होतं. गिरणीत पॉलिशचं यंत्र घ्यायला गावाचा सक्त विरोध होता. भाताचा वास जाईल म्हणे. बोर्डानं तो विरोध बाजूला ठेवला, यंत्र आलं आणि दोन हंगामांत तांदूळ भंडाऱ्याच्या दुकानांतून जाऊ लागला. काकाजी स्वतः पिशवी घेऊन गिरणीच्या रांगेत उभे. मी डिवचलं, तर हसून म्हणाले, "गाव बी चुकते कधी. मी सांगतो त्याइले."

ते गावाला विचारतात म्हणजे नेमकं काय करतात, हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. एकदा संध्याकाळी एका सहीसाठी त्यांच्या घरी गेलो, तर दाराला कडी. शेजारणीनं पाण्याच्या बाजूला हात केला. बॅकवॉटरच्या काठावर, जिथं जुना डांबरी रस्ता सरळ पाण्यात शिरतो, तिथं ते बसले होते. रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्या पाण्याखाली थोडं अंतर दिसत होत्या, मग दिसत नव्हत्या. मी मागं उभा राहिलो. ते हळू आवाजात एकेका घराचं नाव घेत होते. नाव घ्यायचे, आमचा ठराव सांगायचे आणि थांबायचे. पुन्हा पुढचं नाव. एका नावाशी ते इतका वेळ थांबले, की मला वाटलं यांचा डोळा लागला.

मी हाक मारली तसा त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. आणखी जरा वेळानं मान हलवली आणि माझ्याकडे वळले.

"बहिरी होती ते बुढी," ते म्हणाले. "तिले टाइम लागते."

मी सहीचा कागद तसाच खिशात ठेवला. त्या दिवसापासून बैठकीत काकाजी दुपट्ट्याची घडी करू लागले, की मला त्या रस्त्याच्या पट्ट्या दिसत आणि मी विषय मुकाट पुढं ढकलत असे.

मग कायद्याचे कागद तपासायला नागपूरहून येणाऱ्या कंपनी सेक्रेटरी मॅडमनी काकाजींच्या खुर्चीचा विषय उकरून काढला. बाई कामाला चोख आणि वागायला गोड. त्यांनी सगळे कागद पाहिले आणि विचारलं, की या एका संचालकाच्या गावातून सभासद किती? मी म्हटलं, ते स्वतः. मॅडम म्हणाल्या, सर, संचालक हा निवडून यायला हवा, आणि एका माणसानं स्वतःलाच निवडायचं हे बरं दिसत नाही. एक तर त्या गावचे आणखी सभासद करा, नाहीतर पुढच्या आमसभेत नियमावली बदला आणि ते गाव वसाहतीतल्या दुसऱ्या एखाद्या गावाच्या जागेत मिळवून टाका.

मिळवून टाकलं की काकाजींची खुर्ची जाणार होती. खुर्चीचं त्यांना काही नव्हतं. पण त्या गावाचं नाव सरकारी नकाशावरून गेलं होतं, एसटीच्या पाटीवरून गेलं होतं. ते आता जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, आमच्या संचालकांच्या नावांपुढं. काकाजींनी ऐकून घेतलं. म्हणाले, "सभासदच पायजेत ना? आनतो."

पुढचे कित्येक महिने ते एसटीत होते. नागपुरात पोह्यांचा ठेला लावणारा एक, भंडाऱ्यात बिल्डिंगवर वॉचमन असलेला एक, शहापूरला हायवेवर नवऱ्याबरोबर चहा-नाश्त्याचं हॉटेल चालवणारी एक बाई. लोक चहा पाजत, पाया पडत, जुन्या गोष्टी काढत आणि 'पाहू काकाजी' म्हणत. ते पुन्हा जात. परत आले की ऑफिसात बसून मला सांगत, कुणाची मुलगी नर्स झाली, कुणाला साखर निघाली. हळूहळू फॉर्म येऊ लागले. शेअरचे पैसे कुणी भरले हे मी विचारलं नाही. मतदानात काय करायचं हे तुम्ही त्यांना समजावलं का, एवढं मात्र मी विचारलं. काकाजींना तो प्रश्नच कळेना.

"गावाले काय समजवाचं?" ते म्हणाले. "गाव सांगते, आपन आयकाचं."

आमसभेच्या दिवशी एका टेम्पोतून गाव आलं. लग्नाला घालावेत तसे कपडे. काकाजी दाराशी उभे राहून एकेकाला आत आणत होते आणि आम्हाला ओळख करून देत होते. हा चिंचेखालच्या घरचा. हे विहिरीजवळचे. ही धाकटी सून, लग्न होऊन आली अन् दुसऱ्या वर्षी गाव उठलं. ती माणसं ओशाळून हसत होती. त्यातली काही एकमेकांना ओळखतही नव्हती. काकाजींचा चेहरा मी त्या दिवसाइतका उजळलेला कधी पाहिला नाही.

मॅडमच्या सांगण्यावरून विषयपत्रिकेवर आधीच गेलेला ठराव मी वाचला, हे गाव वेगळं ठेवायचं की दुसऱ्या गावात मिळवून टाकायचं. अध्यक्ष उठले. ते म्हणाले, की ही खुर्ची ज्या गावची आहे, त्यानंच ठरवावं. ते गाव जे म्हणेल, त्याच्यामागं आम्ही बाकीची गावं हात वर करू. सभेनं टाळ्या वाजवल्या. ही काकाजींना दिलेली भेट होती, हे सगळ्यांना कळलं होतं. असं भलतंच उदार होणं आमच्या वसाहतीतच होऊ शकतं. ज्यांनी आपलं गाव गमावलंय, ती माणसं दुसऱ्याच्या गावावर मत द्यायला धजत नाहीत.

टेम्पोतून आलेल्यांची आपसात कुजबुज झाली. मग शहापूरची बाई उभी राहिली. तीच ती धाकटी सून. ती काकाजींकडे न पाहता माझ्याकडे पाहून बोलू लागली.

"आमाले येनं-जानं होत नाही साहेब. आमचे पोरं इकडचे राहिले नाही, त्याइले गावाचं नाव बी सांगता येत नाही. वसाहतीतले लोक आमचे सोयरेच होत. त्याइच्यातच आमाले टाकून द्या." मग ती वळली. "काकाजी, राग मानू नका. आमी किती दिवस बुडालेलेच राहाचं?"

तिनं हात वर केला. ठेलेवाल्यानं केला, वॉचमननं केला. सगळ्यांनी केला. अध्यक्षांनी शब्द दिला होता. त्यांनी टेबलाकडे पाहतच हात वर केला. त्यांच्यामागं एकेक करत सगळी सभा. काकाजींचा हात सगळ्यात शेवटी वर गेला. ठराव एकमतानं मंजूर, असं मी लिहिलं आणि लिहिताना मला रडू आलं. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

जेवणं झाली. काकाजींनी सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं, बाईच्या मुलांसाठी बुंदी बांधून दिली, टेम्पो वळेपर्यंत रस्त्यावर उभे राहिले. मग ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसले. मी त्यांच्यापुढं पाणी ठेवलं. ते म्हणाले, "गाव बोललं साहेब. इतके वर्षं मीच बोलून राहिलो होतो."

त्यानंतर ते काठावर गेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, तिकडं आता कोण आहे. बोर्डात काय चाललंय ते मी मुद्दाम सांगायला जायचो. ते ऐकायचे, चहा करायचे, आपलं मत मात्र द्यायचे नाहीत. मी सभासद, मला आमसभेत विचारा, म्हणत. हसून म्हणत, पण कुणी आल्यासारखं मधूनच दाराकडे बघत आणि दारात कुणी नसे.

थंडीत ते गेले. न्यूमोनिया झाला, असं दवाखान्यानं सांगितलं. मुलगा आला, त्यानं सगळं नीट केलं. राख गावातच टाका, असं ते त्याला बोलून गेले होते. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एक मोटरबोट ठरवली. मुलगा होता, अध्यक्ष होते, शहापूरची बाई आणि तिचा नवरा होता, मी होतो. पाणी त्या दिवसांत काठोकाठ असतं. काठ मागं गेला, मग दिसेनासा झाला.

बऱ्याच आत गेल्यावर बोटवाल्यानं इंजिन बंद केलं. हा मासेमारी करणारा पलीकडचा माणूस, त्याला आमच्याकडची गावं ठाऊक नव्हती.

"कोठी थांबू?" त्यानं विचारलं.

मुलानं बाईकडे पाहिलं. तो गावातून निघाला तेव्हा कडेवर होता. बाईनं डावीकडे बोट केलं. तिच्या नवऱ्यानं मान हलवली आणि उजवीकडे दाखवलं, मग त्यालाही खात्री वाटेना, त्यानं हात खाली घेतला. अध्यक्ष माझ्याकडे बघू लागले. चारी बाजूंना एकसारखं पाणी होतं.

"सांगा ना लवकर," बोटवाला म्हणाला. "वारा सुटून राहिला."

मुलाच्या मांडीवर मडकं होतं, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. आम्ही सगळे त्या मडक्याकडे पाहत बसलो.