संतोषच्याच शिफ्टला हुक खाली का यायचा

क्रेनचा हुक पुन्हा आपोआप खाली आला, आणि या वेळीही शिफ्ट संतोषचीच होती.

रायपूरजवळच्या सिलतऱ्यातल्या एका स्पंज आयर्नच्या कारखान्यातली ही गोष्ट. हुकला टांगलेली मोटर खालच्या फिटरच्या खांद्याला घासून जमिनीवर आदळली. फिटर थोडक्यात वाचला. संतोषची नोकरी मात्र वाचायची चिन्हं नव्हती. मॅनेजर साहेबांचा हिशेब सरळ होता. ऑपरेटर तीन, क्रेन एक, आणि गडबड दर वेळी एकाच्याच हातून.

"या तो गलत बटन दबाता है, या सोता है. शाम तक इसकी छुट्टी," ते म्हणाले.

क्रेनचा कंट्रोल बोर्ड आमच्या कंपनीचा. बोर्डात दोष नाही असं सांगून सही करावी, एवढ्यासाठी मला बोलावलं होतं. मी पीसीबी डिझाइन करते. टीव्हीच्या, मिक्सरच्या पोटात ती हिरवी पाटी असते ना, ती पीसीबी. तिच्यावर वायरींऐवजी तांब्याच्या बारीक पट्ट्या असतात, त्यांना आम्ही ट्रॅक म्हणतो. कोणता ट्रॅक कुठून न्यायचा आणि दोघांत किती जागा सोडायची, यातच माझी सगळी अक्कल खर्च होते.

हा बोर्ड मात्र आमच्या सरांनी, म्हणजे माझ्या बॉसनी आखलेला. कारखान्याला तो जुन्याच डब्यात बसवून हवा होता, आणि डबा लहान होता. इतका आटोपशीर बोर्ड रायपुरात दुसऱ्या कोणी करून दाखवावा, असं सर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

मी सगळं तपासलं. मीटर लावला, बटणं दाबली, हुक वर-खाली केला. बोर्ड शहाण्यासारखा वागत होता. सरांना फोन लावला.

"वैशाली, मी तो टेबलावर आठवडाभर चालवला होता," सर म्हणाले. "काहून वेळ घालवून राहिली तू? सही कर अन् ये."

"सर, इथं एका माणसाची नोकरी जाऊन राहिली."

"मग काय आपली ऑर्डर जाऊ देऊ?"

मला राग आला. सरांचा आला, आणि मीटरवर काहीच सापडत नाही म्हणून स्वतःचाही. संतोष बोर्डाच्या डब्याजवळ, म्हणजे पॅनेलजवळ, मान खाली घालून उभा होता. मी त्याला विचारलं, "भैया, ड्यूटी पे आने के बाद क्या-क्या करते हो? शुरू से बताओ."

"कुछु नहीं दीदी. पहिली पैनल में हवा मारथंव, फेर क्रेन."

"रोज?"

"हव दीदी. बहुत धूल बइठथे. दूसर मन नइ मारय, मैं रोज मारथंव."

हवा मारणं म्हणजे कॉम्प्रेसरचा पाइप लावून पॅनेलमधली धूळ उडवणं. बाकीचे दोघं पॅनेल उघडतही नसत. मी पाइपचं तोंड तळहातावर धरलं आणि व्हॉल्व्ह उघडला. तळहात ओला झाला. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, ते रोज काढावं लागतं. इथे ते कोण काढणार? आणि सिलतऱ्याची धूळ साधी नव्हे, लोखंडाची.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगते. दोन ट्रॅकमधलं अंतर ठरवताना वीज हवेतून उडी मारेल का, एवढंच बघून भागत नाही. ती बोर्डाच्या पाठीवरून सरपटतही जाते. त्या वाटेला क्रीपेज म्हणतात. घाण आणि ओल मिळाली की ती वाट सोपी होते. सरांनी जागा वाचवायला चालू विजेचा ट्रॅक 'हुक खाली' या बटणाच्या ट्रॅकला अगदी खेटून नेला होता. मधल्या फटीत ओली लोखंडी धूळ बसली, तर बोर्डाला वाटणार की कोणीतरी बटण दाबलंय. ओल सुकली की पुन्हा सगळं ठीक. मग पुढच्या शिफ्टला काही होत नाही, आणि मीटरलाही काही दिसत नाही.

पण हे अजून माझ्या डोक्यातच होतं.

मॅनेजर म्हणाले, "मैडम, नाटक का टाइम नहीं है. मुझे क्रेन चाहिए."

"उसके नीचे फिर आदमी खड़ा करेंगे आप?"

मी खालची सगळी जागा रिकामी करवली. हुक रिकामाच वर नेला. पेंडंट, म्हणजे बटणांचा लोंबता डबा, खांबाला अडकवला. मेन स्विच बंद केला. संतोषने रोजच्यासारखी हवा मारली. मेन पुन्हा चालू केला आणि सगळ्यांना पेंडंटपासून लांब उभं केलं.

काहीच झालं नाही.

मॅनेजर घड्याळ बघू लागले. संतोष हुकाकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता, आणि मला ते सहन होईना. माझा अंदाज चुकला असता तर त्याची उरलीसुरली आशाही मीच संपवली असती. सरांचा फोन आला. स्पीकरवर म्हणाले, "झालं का तुझं समाधान?"

खट् करून बोर्डावरचा रिले, म्हणजे मोटर चालू करणारा स्विच, वाजला. हुक हलला आणि सरसर खाली येऊ लागला. पेंडंट खांबावर तसाच लटकत होता. मी धावत जाऊन इमर्जन्सी स्टॉप दाबला.

"कायचा आवाज झाला?" सरांनी विचारलं.

"आपल्या बोर्डाचा, सर."

क्रेन नवा बोर्ड येईपर्यंत बंद राहिली. सर माणूस वाईट नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः सिलतऱ्याला आले, पाइपखाली तळहात धरला आणि बराच वेळ तो पुसत राहिले. परतताना गाडीत म्हणाले, "नवा बोर्ड तूच आख." मी आधी मोठा डबा मागून घेतला. ते दोन ट्रॅक लांब नेले, मध्ये बोर्डालाच आरपार खाच पाडली, कारण भोकावरून वीज सरपटू शकत नाही. वरून वॉर्निशचा थर दिला. हुक पुन्हा कधी आपोआप उतरला नाही.

मॅनेजरांनी संतोषला कामावर ठेवलं. माफी वगैरे मागितली नाही. उलट मला म्हणाले, "उसको बोलिए, ज्यादा सफाई ना करे." संतोषने ते ऐकलं. मला गेटपर्यंत सोडायला आला तेव्हा हळूच विचारलं, "दीदी, सफाई करना मोर गलती रिहिस का?"

"नहीं भैया, सफाई में कोई गलती नहीं थी. गलती हमारे बोर्ड की थी," मी म्हणाले.

आता आमच्या ऑफिसात एका बरणीत सिलतऱ्याची धूळ असते आणि शेजारी पाण्याचा स्प्रे. प्रत्येक नवा बोर्ड त्यातून जातो. 'टेबलावर चालला होता' असं आमच्याकडे आता सरही म्हणत नाहीत. टेबलावर धूळ नसते, ओल नसते, आणि टेबलाखाली माणूस उभा नसतो.