पातेल्याखालची पट्टी

आर्लीन स्कोगन यांना काहीही विचारा, उत्तराची सुरुवात हॉटडिशपासून होते.

"हे बघ," त्या म्हणतात. आवाज असा सपाट, की गोठलेल्या तळ्यावर कोणी इस्त्री फिरवलीय. "खाली खिमा. त्यावर घेवडा. त्यावर मश्रूमचं सूप. सगळ्यात वर बटाट्याचे तळलेले गोळे. भट्टीतून काढल्यावर वरून काय दिसतं? बटाटे. मग ही बटाट्याची भाजी झाली का?"

"नाही," समोरचा म्हणतो. तो बिचारा आपल्या शेताची हद्द कुठे संपते एवढंच विचारायला आलेला असतो.

"नकाशाचंही तेच. थर असतात बाबा, थर. वरचा बघून जेवायला बसायचं नाही."

आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीच्या तळघरात आर्लीनबाई एकतीस वर्षं बसतात. माझी आई वरच्या मजल्यावर बोर्डाची क्लार्क. शाळा सुटली की बस मला कचेरीच्या दारात टाकते. वर कंटाळा आणि खाली आर्लीनबाई, तेव्हा मी कुठे बसत असेन ते सांगायला नको.

काउंटीचा जो नकाशा लोक फोनवर उघडतात, तो त्यांनी बनवलेला. रस्ते हा एक थर, पूल दुसरा, शेतं तिसरा, चर, नाले, दफनभूमी, बर्फ हटवणाऱ्या गाड्यांचे मार्ग, सगळे एकावर एक. ज्यावर बोट ठेवाल त्याची एक छोटी चौकट उघडते. पण ती उघडेपर्यंत आर्लीनबाईंचा फोन वाजलेला असतो.

"डावीकडे यादी आहे. उघडलीस? तुझ्या डावीकडे, मार्व्हिन. मी कुठे बसलेय त्याच्याशी काही संबंध नाही. हां. आता 'चर' समोर टिचकी मार. दिसत नाही? मग जवळ ये. स्क्रीनच्या जवळ नव्हे रे, नकाशा मोठा कर! लांबून चर दिसत नाहीत. विमानातून तुला तुझी म्हैस दिसेल का? म्हैस नाही? बरं, गाय."

हे सगळं एका पट्टीत. चिडल्या तरी तीच पट्टी, हसल्या तरी तीच.

आणि खरी गोष्ट त्या पट्टीचीच. म्हणजे दुसऱ्या, चिकट पट्टीची. आमच्या चर्चच्या जेवणाला चाळीस घरांतून चाळीस काचेची पातेली येतात, सगळी एकाच मापाची, आणि ओळखायची कशी, तर प्रत्येकाच्या बुडाला कागदी चिकटपट्टी असते. तिच्यावर मालकिणीचं नाव. काही बायका वर्षही घालतात. जेवण झालं की सगळ्याजणी ओल्या पातेल्यांना उपडं करून नावं वाचत असतात. आर्लीनबाई म्हणतात, थरालाही अशी पट्टी असते. थराच्या नावापुढे तीन ठिपके आहेत, ते दाबायचे, 'माहिती' म्हणायचं, की खाली येतं: हा थर कोणी केला, कधी केला, कुठून आणला.

"पट्टी न बघता पातेलं उचलायचं नाही." हा त्यांचा कायदा. मोजणीखात्यातल्या एका नव्या मुलाने १९३८ सालचा थर वापरून नाला थेट पाद्र्यांच्या स्वयंपाकघरातून वाहता दाखवला होता. आर्लीनबाईंनी त्याला फक्त एवढंच विचारलं, "पट्टी बघितलीस?" त्यानंतर त्याने म्हणे बदली मागून घेतली. मला खरं वाटतं.

तर या मार्चमधली गोष्ट. आर्लीनबाई जूनमध्ये निवृत्त होणार होत्या, आणि त्यांना निरोपाचं घड्याळ नको होतं. त्यांना शाळा हवी होती.

शाळा क्रमांक चार. टर्टल क्रीक ओढ्याच्या पलीकडे, शेताच्या कडेला, एका खोलीची. आर्लीनबाई पहिली तिथेच शिकल्या. भिंतीवर गुंडाळायचा नकाशा होता, आणि तो ठोकताना कोणीतरी खिळा नेमका आमच्या काउंटीवर मारलेला. शाळेतल्या शिक्षिकेने मुलांना सांगितलं होतं, "आपण या भोकात राहतो." आर्लीनबाई म्हणतात, त्या दिवशीच त्यांनी ठरवलं, की हे भोक बुजवायचं.

शेत आता विकलं गेलं होतं आणि नव्या मालकाने शाळा अग्निशमन दलाला देऊन टाकली होती. आमच्याकडे ही रीतच आहे. पडकं घर असलं की दलाचे लोक सरावासाठी ते पेटवतात, विझवतात, पुन्हा पेटवतात, शेवटी राख करतात. लोक घडीच्या खुर्च्या घेऊन बघायला जातात. मालक आर्लीनबाईंना म्हणाला, "शुक्रवारपर्यंत उचललीत तर तुमची. शनिवारी सकाळी लोवेल काडी लावणार." लोवेल दलाचा प्रमुख. त्याने सँडविचही सांगून ठेवले होते.

उचलायची म्हणजे खरंच उचलायची. ड्वेन ब्रेके हे काम करतो. आधी जॅक लावतो, मग खाली तुळया घालतो आणि अख्खं घर ट्रकवर चढवून घेऊन जातो. आदल्या शुक्रवारी तो तळघरात आला, टोपी हातात घेऊन.

"लाकूड शाबूत आहे, बाई. जमीन अजून गोठलेली आहे, तोवर ट्रक रुतायचा नाही. पण जाऊ कुठून? ट्रक धरून तीस टन भरतं, आणि ओढ्यावरचा पूल तुमच्या नकाशात लाल. दहा टन."

"मग वळसा घाल."

"वळसा एकोणीस मैलांचा, आणि वाटेत सात ठिकाणी विजेच्या तारा. त्या वर उचलायच्या तर वीजवाले दोन आठवडे आधी अर्ज मागतात."

आर्लीनबाईंनी पुलावर टिचकी मारली. चौकट उघडली. टर्टल क्रीक पूल, मर्यादा दहा टन.

"दहा म्हणजे दहा," त्या म्हणाल्या. "नकाशात आहे."

ड्वेनने टोपी एकदा पूर्ण गोल फिरवली. मग छताकडे बघत, अगदी त्यांच्याच सपाट आवाजात म्हणाला, "पट्टी बघितलीत?"

मी नकला करतो, पण ही माझ्यापेक्षा सरस होती. आर्लीनबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने टोपी डोक्यावरच घातली. मग केवळ त्याचं तोंड बंद करायला त्यांनी यादी उघडली, तीन ठिपके दाबले आणि 'माहिती' म्हटलं.

थराचं नाव: पूल, तात्पुरता. करणार: आ. स्कोगन. सप्टेंबर २०११.

आर्लीनबाईंनी पुन्हा एकदा तीन ठिपके दाबले. तेच.

"उफ दा," आर्लीनबाई म्हणाल्या. आमच्याकडे पायाला ठेच लागण्यापासून माणूस जाण्यापर्यंत सगळ्याला हेच म्हणतात. हे मधलं कुठलंतरी होतं.

मग हळूहळू बाहेर आलं. पुलांचा खरा थर राज्याच्या कचेरीत असतो, आमचा नकाशा तो तिथून ओढून घेतो. २०११ च्या साखरेच्या बीटच्या हंगामात तो थर उघडायला युगं लागत होती, म्हणून आर्लीनबाईंनी त्याची एक नक्कल काढली. दोन आठवड्यांपुरती. तीच सगळ्यांना जोडली: ट्रकचे परवाने, मार्ग, रस्त्यावरच्या पाट्यांची यादी. मग त्यांना फ्लू झाला. मग बर्फ पडला. मग चौदा वर्षं गेली.

मधे २०१६ मध्ये जुना पूल पाडून काँक्रीटचा बांधला. चाळीस टनांचा. राज्याच्या थरात तो लगेच आला. इथे मात्र रस्तेवाल्यांनी नवा कोरा पूल झाल्यावर आर्लीनबाईंच्या यादीत बघून त्यावर पाटी ठोकली: दहा टन. ज्याला नकाशाची शंका यायची तो पाटी बघायचा, आणि ज्याला पाटीची शंका यायची तो नकाशा.

"म्हणजे बीटचे ट्रक..." ड्वेन म्हणाला.

"नऊ हंगाम," आर्लीनबाई म्हणाल्या. "एकोणीस मैल. प्रत्येक खेपेला."

"आणि कोणी बोललं नाही?"

कोण बोलणार? आमच्याकडे कोणाचा स्वयंपाक गिळवत नसला, तर लोक "वेगळंच आहे हो" म्हणतात आणि पुन्हा वाढून घेतात.

थर दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली. नक्कल सोडली, राज्याचा थर जोडला, पूल हिरवा झाला. ड्वेनला वाटलं, झालं. पण मर्यादा बदलली की परवान्यावर बोर्डाची सही लागते, आणि 'बदलाचे कारण' असा रकाना असतो.

"लिहा की, नवीन माहितीनुसार," ड्वेन म्हणाला. "खोटं नाही ते. अर्धं गाव त्या सभेला असतं, बाई. एकतीस वर्षं तुम्ही सगळ्यांना पट्टी विचारलीत. आता त्यांनी तुम्हाला विचारली तर?"

"बरं, निघावं आता," आर्लीनबाई म्हणाल्या आणि गुडघ्यांवर दोन्ही हात आपटले. एरवी असं म्हटल्यावर त्या दारात अजून चाळीस मिनिटं बोलतात. त्या दिवशी खरंच निघाल्या.

मंगळवारी पाचला सभा. अध्यक्षपदी गॉर्डन फ्लाडलँड, बीटवाला, शाळा क्रमांक चारमध्ये आर्लीनबाईंच्या मागच्या बाकावर बसणारा, आणि त्याचं शेत नेमकं ओढ्यापलीकडे. म्हणजे त्या एकोणीस मैलांचा सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तोच. गॉर्डन नाकातून बोलतो, आणि दोन शब्दांच्या मधे इतकं थांबतो की नवीन माणूस त्याचं वाक्य संपलं समजून टाळ्या वाजवतो.

"परवाना," गॉर्डन म्हणाला. थांबला. "शाळा हलवणे. बदलाचं कारण..." त्याने कागद लांब धरला. "रकाना कोरा आहे, आर्लीन."

आर्लीनबाई उभ्या राहिल्या. "कारण एका रकान्यात मावत नाही. तो पूल नऊ वर्षं चाळीस टनांचा आहे. नकाशात दहा होता, कारण मी जुना थर तात्पुरता जोडला आणि काढायला विसरले. पाटीही माझ्यामुळेच चुकीची लागली. मी पट्टी बघितली नाही. स्वतःचं पातेलं म्हणून."

खाली बसल्या. मागे लोवेलची खुर्ची करकरली. बीटवाल्यांची अख्खी रांग बुटांकडे बघत होती. माझ्या आईने टाइप करायचं थांबवलं, आणि ती आग लागली तरी थांबत नाही.

"आम्हाला वाटलं," गॉर्डन म्हणाला, "तुझं काहीतरी कारण असेल."

"कारण नव्हतं, गॉर्डन."

"हं." थांबला. "पूल तसा नवा दिसायचा."

"मग विचारलं का नाहीस रे? एकोणीस मैल!"

"विचारणार होतो. सतरा साली." थांबला. "पण त्या दिवशी तू सफरचंदाचा केक आणला होतास."

"केकचा काय संबंध?"

"बरं दिसलं नसतं." मग जरा विचार करून म्हणाला, "तसं काही बिघडलं नाही. रेडिओ ऐकून व्हायचा."

मागच्या रांगेतून कोणीतरी नाकातून हसलं. तेवढ्यात लोवेल उठला. "ते सगळं ठीक आहे, पण शनिवारी मी जाळू काय? वीस पोरं येणार आहेत. सँडविच सांगून झालेत."

"माझं कोंबड्यांचं खुराडं घे," आर्लीनबाई म्हणाल्या. "मोठं आहे. तसंही पाडायचंच होतं."

"आणि कोंबड्या?"

"दोन हजार नऊपासून नाहीत."

"खात्री आहे?" गॉर्डनने चष्म्यावरून बघितलं. "पट्टी बघितलीस?"

मग मात्र सभेत हशा फुटला. बीटवाले मांड्यांवर थापा मारत होते, ड्वेन टोपीत तोंड घालून हसत होता, आणि आर्लीनबाई, ज्यांचे कान मी पहिल्यांदाच लाल झालेले बघितले, त्यासुद्धा त्याच एका पट्टीत हसल्या: हं, हं, हं. गॉर्डनने कोऱ्या रकान्यात स्वतःच लिहिलं, "विसरली", आणि सही केली.

गुरुवारी शाळा निघाली. लोक घडीच्या खुर्च्या घेऊन ओढ्याकाठी बसले होते. खुर्च्या गाडीत ठेवलेल्याच होत्या, वाया कशाला घालवायच्या? चालत्या माणसाच्या वेगाने ट्रक पुलावर चढला. आर्लीनबाई मागून चालत होत्या, फोनवर नकाशा उघडा, जणू पूल मधेच लाल झाला तर त्या ट्रक मागे ओढणार होत्या. पूल हूं की चूं न करता राहिला. गॉर्डन कठड्याला टेकून बघत होता. "वाईट नाही," तो म्हणाला. यापेक्षा मोठं कौतुक आमच्या काउंटीत अजून कोणाचं झालेलं नाही.

आर्लीनबाईंच्या अंगणात पाया तयार होता. शाळा जॅकवर तरंगत असताना आर्लीनबाईंनी खिशातून चिकटपट्टीचं भेंडोळं काढलं आणि चौसष्टाव्या वर्षी तुळयांखाली सरपटत शिरल्या.

"बाई, बाहेर या!" ड्वेन ओरडला. "वीस टन आहेत वर!"

"बावीस," आतून आवाज आला. "पेन दे."

त्या बाहेर आल्यावर मी वाकून वाचलं. मधल्या तुळईवर, त्यांच्या नेहमीच्या सरळ अक्षरात: शाळा क्र. ४. आ. स्कोगन. मार्च २०२५. तात्पुरती नाही.