पास झालेले दगड

उपेंद्र मायदेव चौतीस वर्षं बेंगळुरात आहेत आणि या चौतीस वर्षांत त्यांनी एकदाही कुणाला रस्ता विचारलेला नाही. विचारायचा तर कन्नड यायला हवं, हे एक कारण. खरं कारण दुसरं : रस्ता आपल्यालाच ठाऊक असतो, अशी त्यांची खात्री. शहराच्या पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीत, एका सरकारी कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. पुढ्यात आलेला सुटा भाग मापायचा, बरोबर असला तर हिरवी चिठ्ठी, चुकला तर लाल. कुणाच्या विनवण्यांनी आपण लालची हिरवी कधी केली नाही, हे ते अजून दर भेटीत सांगतात.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या मराठी मंडळाच्या महिन्याच्या पायी सहली ताब्यात घेतल्या. तोवर आम्ही शहराबाहेर जायचो, एखाद्या तळ्याकाठी डबे सोडायचो, पोटभर खायचो आणि परत यायचो. मायदेव साहेबांनी सहलीचं ड्रॉइंग काढलं. त्यावर आवृत्ती क्रमांक, तारीख, सही. 'तळे : पाणी पिणे, चार मिनिटे.' चार म्हणजे चारच. पाचव्या मिनिटाला शिट्टी वाजायची. त्यांच्या पत्नी वीणाताई पाण्यात पाय सोडून बसायला आतुर असायच्या, पण बूट काढण्यातच त्यांची तीन मिनिटं जायची.

आता माझंही सांगून टाकतो, म्हणजे मी निःपक्षपाती आहे असा कुणाचा गैरसमज नको. मी मंडळाचा चिटणीस गुरुराज. आमचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षं इथलंच, त्यामुळे आमच्या मराठीत कन्नड मिसळलेलं. एकदा मी "स्वल्प थांबा" म्हणालो, तर साहेबांनी खिशातलं चिठ्ठ्यांचं पुस्तक काढून माझ्या मराठीला लाल चिठ्ठी दिली. ती मी जपून ठेवली आहे. राग अजून गेलेला नाही.

त्यांचा सगळ्यात लाडका रस्ता कल्लुकेरेचा. आधी तळं, मग अर्कावतीच्या खोऱ्यातली पायवाट, मग उघडा गवताळ माळ आणि पलीकडे मारुतीचं देऊळ, जिथे बस उभी असते. माळावर गवताशिवाय काही नाही, म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यांनी तिथे दगडांवर पिवळे बाण रंगवले. दगड असेतसे नव्हेत. एक बाजू सपाट हवी, चीर नको, हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज नको. असे तेवीस दगड त्यांनी तीन रविवार खपून निवडले, रांगेत बसवले, आणि प्रत्येकावर बाणाखाली क्रमांक आणि सही केली. रंगाचा डबा धरायला वीणाताई होत्या.

गेल्या वर्षी गडबड झाली. दुसऱ्याच एका रस्त्यावर साहेबांच्या ड्रॉइंगमधला ओढा कुणीतरी बुजवला होता. साहेब दोन तास ओढा शोधत राहिले आणि बसवाला कंटाळून निघून गेला. मंडळाच्या बैठकीत सर्जापूर रोडचा कार्तिक उठला. वय तिशीचं, हातात फोन, पाठीवर नळीने पाणी प्यायची पिशवी. "विथ ड्यू रिस्पेक्ट, काका, एव्हरीथिंग इज ऑन द ॲप." शेवटी ठरलं, की साहेबांनी कल्लुकेरेची सहल न्यावी. अकराच्या ठोक्याला माणसं देवळापाशी पोचली तर शिट्टी त्यांच्याकडे, नाहीतर कार्तिककडे.

बैठकीनंतर वीणाताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अण्णा, कारखाना सुटला तेव्हापासून ह्यांच्या मागून कुणी चालत नाही हो. महिन्यातला हा एकच दिवस असतो."

मला वाईट वाटलं. फार नाही, पण वाटलं.

त्या रविवारी आम्ही बावीस जण निघालो. तळ्यावर चार मिनिटं झाली, वीणाताईंचा एक बूट निघाला आणि शिट्टी वाजली. खोरं वेळेत पार पडलं. पावणेदहाला माळावर आलो. पहिला बाण जिथे असायला हवा तिथे नव्हता. दुसराही नव्हता. साहेबांच्या कपाळावर आठी आली. तेवढ्यात डावीकडे लांब कच्च्या वाटेवर पिवळं काहीतरी दिसलं. जवळ गेलो तर बाण, खाली 'क्र. ९' आणि सही. बाण दक्षिणेकडे.

"देऊळ पूर्वेला आहे ना, साहेब?" मी विचारलं.

"सही कुणाची आहे?" ते म्हणाले.

पुढे 'क्र. १७' सापडला. सतराच्या पुढे 'क्र. ४'. कार्तिक फोन वर धरून गोल फिरत होता, कारण माळावर रेंज नव्हती. मेंढ्या राखणारी एक बाई आमची मिरवणूक बघत उभी होती. तिने आपणहून काठीने पूर्वेकडे दाखवलं आणि "देवस्थान आ कडे" असं दोनदा सांगितलं. साहेबांनी तिला मान डोलवून नमस्कार केला आणि दक्षिणेकडे चालू लागले. तपासून सही केलेल्या वस्तूपुढे मेंढ्यांमागे फिरणाऱ्या बाईचं काय चालणार? आम्हीही गेलो. एकवीस शिकलीसवरलेली माणसं, आणि एकालाही थांबावंसं वाटलं नाही, यात मीही आलो.

चाळीस मिनिटांनी वाट संपली. समोर भिंत. कुणीतरी माळाचा तुकडा विकत घेऊन फार्महाउस बांधत होतं आणि ही त्याची नवीकोरी कुंपणभिंत होती. त्या भिंतीत आमचे बाण होते. एक आभाळाकडे, एक जमिनीकडे, दोन एकमेकांकडे, आणि 'क्र. १' नेमका आम्ही आलो त्या दिशेला. वाटेत सापडले ते ट्रॅक्टरमधून सांडलेले दगड होते. कुणीतरी फिस्सकन हसलं. मीच असेन.

साहेब गवंड्यासमोर जाऊन मराठीत ओरडले, मग हिंदीत, मग इंग्रजीत. गवंडी थापी हातात धरून शांत उभा राहिला. मी दुभाषा व्हायला अगदी उत्साहाने पुढे सरसावलो, पण वीणाताई आधीच बोलायला लागल्या होत्या. घडाघडा कन्नड, तेही इथल्या बाजारातलं, ठसक्याचं. गवंड्याने हात जोडून उत्तर दिलं.

"तुला कन्नड येतं?" साहेब.

"चौतीस वर्षं भाजी कोण आणतंय?" वीणाताई म्हणाल्या. "तो म्हणतोय, माळावर हजार दगड पडलेत, पण खूण केलेले तेवीसच. आणि तेवीसही चांगले, एकातही चीर नाही. कुणीतरी जाणकाराने तपासून पास केलेत असं दिसत होतं. म्हणून तेच उचलले."

साहेब भिंतीजवळ गेले, 'क्र. १'वर हात फिरवला, बोटाच्या पेराने ठोकून बघितलं. मग एक डोळा मिटून भिंतीच्या कडेने नजर टाकली. "ओळंब्यात आहे," एवढंच म्हणाले. त्या माणसाच्या कामात त्यांना खोट काढता येत नव्हती.

वीणाताईंनी गवंड्याला रस्ता विचारला. देवळापाशी पोचलो तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती.

बसमध्ये साहेब माझ्या शेजारी बसले. खिशातून पुस्तक काढलं, लाल पान उघडलं आणि सुवाच्य अक्षरात भरलं. 'वस्तू : सहलप्रमुख. दोष : खूण पाहिली, रस्ता पाहिला नाही. दुरुस्ती : शक्य नाही.' खाली सही, तारीख. "चिटणीस म्हणून तुमच्याकडे देतो," म्हणाले आणि शिट्टी गळ्यातून काढून चिठ्ठीवर ठेवली.

या क्षणाची मी किती वर्षं वाट बघितली होती. पण मीच म्हणालो, "साहेब, एवढ्यासाठी लाल कशाला? हिरवी करून टाका."

"गुरुराज," ते म्हणाले, "विनवण्या करू नका."

पुढच्या महिन्यात त्याच वाटेवर कार्तिक पुढे होता. तळ्यावर शिट्टी वाजलीच नाही. वीणाताई दोन्ही पाय पाण्यात सोडून अर्धा तास बसल्या आणि साहेब घड्याळाकडे न बघायला शिकल्यासारखे त्यांच्याजवळ उभे राहिले. मग सगळे निघाले. वीणाताई बायकांच्या घोळक्यात पुढे गेल्या. माळावर आलो तेव्हा साहेब रांगेत सगळ्यात शेवटी होते, त्यांच्यामागे फक्त माळ.

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. ती सुटलेली नव्हती. साहेब मला ओलांडून गेले, तेव्हा उठलो आणि त्यांच्या मागून चालायला लागलो.

ते वळले नाहीत. पण त्यांची पाठ ताठ झाली.

"अंतर राखा," ते म्हणाले. "दीड मीटर."