गायकवाड मॅडमची लाँच

गायकवाड मॅडम ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगचा पहिला तास कधी वर्गात घेत नसत. त्या मुलांना रेवसच्या धक्क्यावर नेत. सकाळी खाडीवर धुकं असे आणि भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच त्यात अर्धीच दिसे. लाँचवरचे नाना तांडेल म्हणत, "बाय, परत वरात आनलीस? चढनार, का नुसती बघनार?"

"नुसतं बघणार, नाना. तुम्ही दोर सोडा."

मग मुलांकडे वळून त्या सांगत, "लाँचला फक्त 'नीघ' म्हणायचं. इंजिन कसं चालतं, पाणी किती आहे, ते तिचं तिला ठाऊक. ओहोटी असेल तर तीच सांगेल, थांबा. ह्याला ऑब्जेक्ट म्हणतात." लाँच धुक्यात विरून जाई आणि मुलं कितीतरी वेळ त्या रिकाम्या पाण्याकडे बघत राहत.

मी त्यांचा विभागप्रमुख. आमच्या कॉलेजात हा विषय सी प्लस प्लसमध्ये शिकवत आणि नोट्स माझ्या होत्या, वीस वर्षांच्या. मॅडमना पायथन ही सोपी संगणकभाषा हवी होती. "सर, तुमची भाषा मोठी आहे, मान्य. पण पोरं पहिला महिना चिखलातच रुततात. लाँचपर्यंत पोचतच नाहीत."

शेवटी मीच म्हटलं, "एक तुकडी तुम्ही घ्या, एक मी. प्रश्नपत्रिका एकच. बघू."

वर्षअखेरीस त्यांची तुकडी गुणांत सरळसरळ पुढे होती. पालीकडून एस.टी.नं येणारी, एरवी "समजलं न्हाय, सर" एवढंच बोलणारी मुलं फळ्यापाशी उभी राहून इतरांना समजावत होती. मॅडमनी दोन्ही तुकड्यांच्या गुणांचा तक्ता हातानं लिहून माझ्याकडे दिला. मी तो खणात ठेवला आणि अभ्यासक्रम समितीला सांगितलं, "प्रयोग फसला. सी प्लस प्लसच राहू दे." इतिवृत्तात तसंच लिहिलं गेलं.

ते खोटं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी नवी भाषा शिकून मुलांसमोर अडखळायची मला भीती वाटली. कारण तेवढंच.

पुढे मॅडमना मुंबईला नोकरी लागली, तेव्हा मी धक्क्यापर्यंत पोचवायला गेलो. लाँचमध्ये पाय ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "सर, तो तक्ता फाडला नाहीत ना?"

"नाही."

"मग झालं. भरती आली की काढा."

गेल्या महिन्यात त्या वारल्याचं कळलं. निवृत्त होताना घरी आणलेला तो तक्ता मी काल कॉलेजला पाठवला, सोबत हेच सगळं लिहून. आज सकाळी नातीच्या लॅपटॉपवर, तिला विचारत विचारत, पायथनमध्ये एक लाँच बनवली. आजच्या भरती-ओहोटीच्या वेळा त्या लाँचला दिल्या आणि म्हटलं, 'नीघ'.

स्क्रीनवर एक ओळ उमटली : ओहोटी आहे. थांबा.

खिडकीबाहेर खाडीचा चिखल लांबवर उघडा पडला होता. मी पाणी चढायची वाट बघत बसून राहिलो.